घर कॅथलिक, भांडण प्रॉटेस्टंट: जॉर्जटाउनचं २००६ मधलं प्रकरण

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठात २००६ च्या ऑगस्टमध्ये, नवे विद्यार्थी वसतिगृहांत उतरायच्या तोंडावर, सहा संस्थांना एक पत्र गेलं. विद्यापीठ कॅथलिक. पत्र धाडणारा विभाग प्रॉटेस्टंट. ज्यांना धाडलं त्या संस्थाही प्रॉटेस्टंट, इव्हॅन्जेलिकल वळणाच्या, म्हणजे बायबल आणि ज्याचा त्याने केलेला येशूचा स्वीकार यांवर भर देणाऱ्या. मजकुराचा गाभा असा: प्रॉटेस्टंट सेवाकार्य विभागाने या वर्षी वेगळ्या दिशेने जायचं ठरवलं आहे, बाहेरच्या गटांवर विसंबण्यापेक्षा जॉर्जटाउनच्या आतून, इथल्याच प्रॉटेस्टंट विद्यार्थी-नेत्यांना हाताशी धरून काम उभं करायचं आहे, तेव्हा तुमचा इथला संबंध संपला.

संपला म्हणजे नेमकं काय, हेही पत्रात मोजून दिलं होतं. आवारात बायबल अभ्यास नाही. विद्यार्थ्यांना घेऊन शिबिरं नाहीत. आठवड्याच्या मधली उपासना नाही, स्नेहमेळावे नाहीत. विद्यार्थी मंडळांच्या मेळाव्यात टेबल मांडायचं नाही. वसतिगृहात सामान चढवायला मदतीला यायचं नाही. आणि ज्या ज्या वेबसाइटवर तुमचं नाव जॉर्जटाउनशी जोडलेलं आहे तिथून ते काढायचं.

बाहेरून पाहणाऱ्याने घाईत वाचलं तर बातमी अशी बनते की कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांना हाकललं. काहींनी ती तशीच वाचली. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याच कारणासाठी की ते तसं नव्हतं. घरमालक कॅथलिक होता, पण ओसरीवरून उठवणारा आणि उठवला गेलेला हे दोघेही पाहुणेच होते. मग घरमालकाचा यात काही हात होता का? माझं उत्तर: होता, पण हुकमात नव्हता. घराच्या बांधणीत होता.

सामानाची खोकी

पत्रातल्या यादीत बायबल अभ्यासाच्या रांगेत सामान चढवायची मदत का यावी, हे ज्याने अमेरिकन कॅम्पसचा पहिला दिवस पाहिलेला नाही त्याच्या चटकन लक्षात येत नाही. त्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते. ऑगस्टचा उकाडा. आईवडील घामाघूम, अठरा वर्षांचं पोर लाजून अर्धमेलं, डिकीत उशा, पंखा, छोटा फ्रिज, पुस्तकांचं एक असं खोकं की जे बापाला एकट्याने उचलत नाही. अशा वेळी एकसारखे टी-शर्ट घातलेली चार मुलं येतात, ‘कुठला मजला?’ एवढंच विचारतात आणि खोकं घेऊन जिना चढू लागतात. वर पोचल्यावर नाव विचारतात, आपलं सांगतात, बुधवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो, वाटलं तर ये, म्हणतात. एवढंच.

प्रवचन नाही, पत्रक असलंच तर खिशातल्या खिशात. पण त्या आठवड्यात ते पोर कुणाशेजारी जेवायला बसतं यावर पुढच्या चार वर्षांतली त्याची धार्मिक सवय बरीचशी ठरते. धर्मसेवेत मुरलेल्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या पत्राने खोकी उचलण्यावरही बंदी घातली. ज्याने ती यादी केली त्याला आपल्या कामाची जाण नव्हती असं कुणी म्हणू नये. उलट चांगलीच जाण होती.

घर कसलं आहे

जॉर्जटाउन १७८९ चं. अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ, आणि जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचं. संस्थापक जॉन कॅरोल हे पुढे अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप झाले. कॅरोल यांच्या लहानपणीच्या मेरीलँडमध्ये कॅथलिकांना उघडपणे शाळा चालवायची सोय नव्हती. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तीसुद्धा घरच्या चॅपलमध्ये, चार भिंतींच्या आत. तो अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने नव्या शाळेचं आवाहनपत्रक काढलं तेव्हा त्यात साफ लिहिलं की इथे कुठल्याही पंथाच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळेल. विद्यापीठाच्या मुद्रेवर लॅटिन शब्द आहेत, ‘उत्राक्वे उनुम’. बायबलमधल्या, पौलाच्या इफिसकरांस पत्रातले: दोघांना एक केलं. पौल यहुदी आणि विदेशी यांच्याबद्दल बोलत होता. जॉर्जटाउनने ते ब्रीद श्रद्धा आणि विद्या यांच्यासाठी घेतलं, आणि पुढे त्याला जसजसे नवे विद्यार्थी येत गेले तसतसे नवे अर्थ चिकटत गेले.

दार उघडं असणं वेगळं आणि आत आलेल्याच्या प्रार्थनेची व्यवस्था लावणं वेगळं. दुसरी गोष्ट यायला दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, व्हावी लागली. २८ ऑक्टोबर १९६५ ला परिषदेने इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दलचं ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र काढलं आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्यावरचं ‘दिग्नितातिस ह्युमाने’. तीनच वर्षांत, १९६८ मध्ये, जॉर्जटाउनला रब्बी हॅरल्ड व्हाइट आले. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठात पूर्णवेळ रब्बी असणं ही तेव्हा नवलाई होती. १९९९ मध्ये इमाम याह्या हेंडी आले, अमेरिकन विद्यापीठातले पहिले पूर्णवेळ मुस्लिम चॅप्लिन, म्हणजे संस्थेने नेमलेले धर्मसेवक. प्रॉटेस्टंट चॅप्लिन होतेच.

मधल्या काळात, १५ ऑगस्ट १९९० रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कॉर्डे एक्लेसिये’ हे घटनापत्र दिलं. त्यातल्या पाळकीय सेवाकार्याच्या भागात एक वाक्य आहे ज्याच्याकडे या प्रकरणात फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. विद्यापीठात इतर चर्चचे किंवा धर्मांचे लोक असतील तर त्यांनी आपापल्या श्रद्धेनुसार चिंतन-प्रार्थनेसाठी घेतलेल्या पुढाकाराचा मान राखावा, असं ते सांगतं. मूळ शब्दाचा रोख बघा: त्यांच्या पुढाकाराचा. तुम्ही त्यांच्यासाठी काय नेमून द्या, हे तिथे म्हटलेलं नाही.

आता बांधणीकडे येतो.

एका गावाला एक पाद्री

कॅथलिक चर्चमध्ये माणसाच्या धर्मजीवनाचा मूळ एकक पॅरिश. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतलं कलम ५१८ म्हणतं की पॅरिश सर्वसाधारणपणे भूभागावर ठरावी, म्हणजे त्या हद्दीत राहणारे सगळे श्रद्धावंत तिच्यात आले. तुम्ही निवडलेली नसते ती. तुम्ही राहता म्हणून तुम्ही तिचे. आणि कलम ५२६ म्हणतं की एका पॅरिशला प्रमुख धर्मगुरू एकच असावा. विद्यापीठांसाठी कलम ८१३ बिशपांना सांगतं की विद्यार्थ्यांची पाळकीय काळजी घ्या, गरज पडली तर पॅरिशच स्थापा, निदान कायमचे धर्मगुरू नेमा.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. माणूस आवडीनुसार मंडळी निवडू लागला की तो आपल्यासारख्याच माणसांत जाऊन बसतो. पॅरिशमध्ये तसं चालत नाही. शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते तुमच्या हातात नसतं. जॉर्जटाउनच्या डालग्रेन चॅपलमध्ये, जे १८९३ पासून उभं आहे, रविवारी जमणाऱ्या गर्दीत उजवे-डावे, गातात ते, गात नाहीत ते, ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची भाकर, घेणारे आणि नुसते मागे हाताची घडी घालून उभे राहणारे, सगळे एकाच छताखाली असतात. मतभेद असले तरी मिस्सा एकच.

आता हाच साचा उचलून दुसऱ्या श्रद्धेला लावा. ज्यूंना एक रब्बी, मुस्लिमांना एक इमाम, प्रॉटेस्टंटांना एक चॅप्लिन. उदारपणाने केलेली गोष्ट आहे, आणि मी ती हिणवत नाही. १९६८ मध्ये रब्बीला पगार देणं याला धैर्य लागलं असेल. पण देताना घराने आपल्याच देवघराच्या मापाची खोली बांधून दिली: एक समुदाय, एक पाळक, एक मुख्य उपासना, आणि वर विद्यापीठाच्या कार्यालयाशी जोडलेली एक दोरी.

प्रॉटेस्टंट या खोलीत मावत नाहीत. वाईट स्वभावामुळे नव्हे, मुळातल्या समजुतीमुळे. सोळाव्या शतकापासून त्यांच्या बऱ्याच शाखांचं म्हणणं हेच की प्रत्येक विश्वासणारा हा याजक आहे, वचन उघडून बसायला कुणाच्या नेमणुकीची गरज नाही, चार माणसं प्रार्थनेला जमली की तिथे मंडळी झाली. इव्हॅन्जेलिकलांत तर हे टोकाला जातं. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, प्रेस्बिटेरियन आणि कुठल्याच नावाखाली न बसणारे, असे सगळे एकाच बायबल अभ्यासाला येतात आणि रविवारी पाच वेगवेगळ्या चर्चला पांगतात. त्यांचा ‘एकच समुदाय’ असं काही नसतंच. त्यांच्यात जाळं असतं.

कॅम्पसवरच्या संस्था याच जाळ्यातून उगवल्या. त्या सहांतली एक इंटरव्हर्सिटी ख्रिश्चन फेलोशिप. मूळ ब्रिटनमधली, अमेरिकेत १९४१ ला रुजलेली. कॅम्पस क्रुसेड १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये सुरू झाली, असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल चर्चची काय अल्फा १९५३ मध्ये. या जातीच्या संस्थांचा कार्यकर्ता विद्यापीठाचा नोकर नसतो. संस्था त्याला नेमते, पण त्याचा पगार बहुतेक वेळा त्यानेच उभा करायचा असतो: ओळखीची कुटुंबं, घरचं चर्च, जुने मित्र, दर महिन्याला ठरलेली रक्कम देणारे. महिन्याकाठी त्यांना तो बातमीपत्र पाठवतो: अमुक जण येतात, अमुकाने प्रभूला स्वीकारलं, तमुकीसाठी प्रार्थना करा. म्हणजे त्याच्या कामाचा जाब विचारणारा माणूस कॅम्पसच्या फाटकाबाहेर, कधी कधी हजार मैलांवर बसलेला असतो.

आणि पत्र धाडणाऱ्या विभागाची चॅप्लिन? तिला पगार विद्यापीठाचा, जाब विद्यापीठाला. एका विद्यार्थ्याने रात्री दोनला आत्महत्येची भाषा केली तर फोन तिला येणार. कुठल्या गटाने एखाद्या ज्यू मुलीला धर्मांतरासाठी पिच्छा पुरवला अशी तक्रार आली तर रब्बीसमोर तिला मान खाली घालावी लागणार. ज्या गटाचा कार्यकर्ता तिने नेमलेला नाही, ज्याला ती काढू शकत नाही, त्याच्या वागण्याचं उत्तर मात्र तिने द्यायचं. त्या सहा गटांपैकी कुणी असं काही केलं होतं असा माझा आरोप नाही. मी फक्त त्या खुर्चीत बसून बघतोय. तिथून ते पत्र अविचारी वाटत नाही.

रंगीत पेन्सिली

दुसऱ्या खुर्चीतूनही बघायला हवं, आणि इथे थोडं रेंगाळतो, कारण चर्चेत ‘बायबल अभ्यास’ हा शब्द सगळे वापरतात आणि त्यात काय होतं ते क्वचित कुणी सांगतं.

इंटरव्हर्सिटीची एक जुनी पद्धत आहे. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक, बहुधा मार्कचं, कोऱ्या कागदांवर छापून आणायचं. ओळींत मोकळी जागा, बाजूला रुंद समास, आणि अध्याय-वचनांचे आकडे काढून टाकलेले. का, तर आकडे दिसले की लहानपणी पाठ केलेली वाक्यं आठवतात आणि माणूस वाचणं थांबवतो. टेबलावर रंगीत पेन्सिलींचा डबा. पहिली वीस मिनिटं कुणी बोलत नाही. प्रत्येक जण एकटा वाचतो: पुन्हा पुन्हा येणारा शब्द एका रंगात, माणसं दुसऱ्या, जागा तिसऱ्या. एखादी मुलगी ‘लगेच’ या शब्दाला हिरवी खूण करत जाते आणि पानाच्या तळाला येईपर्यंत पान हिरवंगार झालेलं असतं. मार्कला भलती घाई आहे हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, तिने पाहिलेलं असतं. मग प्रश्न: काय दिसलं? काय कोडं पडलं? त्याचा माझ्याशी काय संबंध? चालवणारा उत्तर देत नाही. फार तर ‘मजकुरात कुठे आहे ते दाखव’ म्हणतो.

ही खोलीतली सात-आठ माणसं एकमेकांना दर आठवड्याला भेटतात. आईचा कर्करोग, मोडलेलं प्रेम, नापास झालेला विषय, सगळं तिथे येतं. आता कल्पना करा, दुसऱ्या वर्षातल्या मुलीला ऑगस्टमध्ये कळतं की तिचा गट आवारात भेटू शकणार नाही. विद्यापीठाचं म्हणणं होतं की विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेवर बंदी नाही. ते आपसात जमू शकतात. नियमाच्या भाषेत बरोबर. पण कागद आणणारी, पेन्सिलींचा डबा सांभाळणारी, मागच्या वर्षी तिच्या आईसाठी प्रार्थना करणारी कार्यकर्ती आत येऊ शकत नाही. गट राहिला आणि त्याचा कणा गेला.

जेझुइटांना हे न कळण्यासारखं नव्हतं, हाच मला चटका लावणारा भाग आहे. एकेका माणसाची जिवाभावाने काळजी, ‘क्युरा पर्सोनालिस’, हा शब्द जेझुइट विद्यापीठांत उठता-बसता कानावर पडतो. जॉर्जटाउनचे येशूसंघीय फादर वसतिगृहांतच राहतात, मुलांच्या मजल्यावर. रात्री दार किलकिलं ठेवतात. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा पायाच मुळी असा की साधना देणाऱ्याने मध्ये लुडबुड करू नये, निर्माता आणि माणूस यांना एकमेकांशी थेट बोलू द्यावं. रंगीत पेन्सिलीवाली पद्धत याची सख्खी नसली तरी चुलत बहीण नक्की आहे.

कायदा काय म्हणतो, आणि का पुरत नाही

सरकारी विद्यापीठ असतं तर प्रश्न कोर्टात सुटला असता. १९८१ च्या विडमर विरुद्ध व्हिन्सेंट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मताने ठरवलं की सरकारी विद्यापीठाने आपल्या इमारती विद्यार्थी गटांना खुल्या केल्या असतील तर केवळ धार्मिक आहे म्हणून एखाद्या गटाला बाहेर ठेवता येणार नाही. तो वाद मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेतला. पण हे बंधन सरकारवर आहे. खाजगी, तेही धार्मिक विद्यापीठ आपल्या आवारात कुणाला सेवाकार्य करू द्यायचं ते स्वतः ठरवू शकतं. तेच त्याचं धर्मस्वातंत्र्य.

जॉर्जटाउनच्या गाठीला मात्र एक जुना निकाल होता, वेगळ्याच विषयावरचा. समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांनी विद्यापीठावर दावा लावला होता. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्यात बारीक रेघ मारली: विद्यापीठाने या गटांना आपली मान्यता द्यावी अशी सक्ती करता येणार नाही, पण मान्यतेसोबत मिळणाऱ्या सोयी, टपालपेटी, टपालसेवा, निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क, या नाकारता येणार नाहीत. नाव वेगळं, सोय वेगळी. कॅथलिक संस्थेने आपल्या शिकवणीशी न पटणाऱ्या गटाला आपलं नाव न देता जागा द्यायची कशी, हे जॉर्जटाउनला कोर्टाने शिकवलं होतं.

तो निकाल २००६ च्या वादाला कायद्याने लागू होतो असं मी म्हणत नाही. पण रेघ तर घरात आखलेली होती. सहा गटांबाबतची खरी अडचण नावाचीच होती: बाहेरचा कार्यकर्ता जॉर्जटाउनच्या नावाखाली काय सांगतो याची जबाबदारी कुणाची? त्याचं उत्तर नाव काढून घेऊन, सोय ठेवून देता आलं असतं. पत्राने दोन्ही एका फटक्यात काढून घेतलं, खोक्यांसकट.

आणि ज्याला वाटत असेल की हा रोग कॅथलिक घराचाच आहे, त्याने टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे बघावं. ते कॅथलिक नाही, खाजगी आहे. तिथे नियम आला की नोंदणीकृत विद्यार्थी मंडळाचं नेतृत्व कुठल्याही विद्यार्थ्याला खुलं हवं, श्रद्धेची अट चालणार नाही. २०१२ मध्ये बऱ्याच ख्रिस्ती मंडळांनी नोंदणी सोडली. त्यात तिथलं कॅथलिक विद्यार्थी मंडळही होतं. तिथे ओसरीवरून उठायची पाळी कॅथलिकांवर आली.

पुढे काय झालं

गटांनी गप्प बसायचं नाकारलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, इव्हॅन्जेलिकल वर्तुळात बराच गलका झाला, माजी विद्यार्थी बोलू लागले. विद्यापीठाचे अध्यक्ष तेव्हा जॉन डीजॉया, २००१ पासून पदावर, धर्मगुरू किंवा धर्मसंघातले नसलेले, अमेरिकेतल्या जेझुइट विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. वर्षभर फेरविचार चालला, आणि २००७ मध्ये गटांना नव्या लेखी चौकटीखाली संलग्न सेवाकार्य म्हणून परत येता आलं.

हा शेवट गोड मानावा का? अर्धा. लेखी करार झाला हे उत्तम. तो आधीच असता तर पत्राची वेळ आली नसती. पण ते एक शैक्षणिक वर्ष ज्यांचं गेलं ते गेलं. चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष म्हणजे पाव आयुष्य, आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांना ‘परत आले’ ही बातमी पदवी हातात घेऊन ऐकावी लागली.

पत्राच्या तीन चुका मला दिसतात, आणि तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत. तारीख वाईट होती, ती सुधारता आली असती. विद्यार्थ्यांशी आधी बोलणं झालं होतं असं पत्राच्या सुरावरून वाटत नाही. ‘इथल्याच विद्यार्थी-नेत्यांना घेऊन’ काम उभं करायचं म्हणणाऱ्या पत्राला हे शोभत नाही, कारण त्या गटांत बसलेली मुलंही इथलीच होती. पण सर्वांत जड चूक तिसरी. चॅप्लिन विभागाने ‘आतून’ उभारायचं म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पॅरिश होती. एक प्रॉटेस्टंट कुटुंब, एका छताखाली. कॅथलिक घरात वर्षानुवर्षं राहून प्रॉटेस्टंट पाळकालाही कॅथलिक मापाची खोली आपलीच वाटू लागली, असं मला वाटतं. यात कुणाची लबाडी नाही. ज्या घरात राहतो त्याच्या भिंती माणसाच्या अंगवळणी पडतात.

साचा आजही तोच आहे, एवढं मात्र नोंदवतो. २०१६ मध्ये जॉर्जटाउनने ब्रह्मचारी व्रजविहारी शरण यांना हिंदू जीवनासाठी नेमलं. पुढे ते पद ‘धार्मिक जीवन’ या नावाने हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख विद्यार्थ्यांनाही कवेत घेऊ लागलं. ध्यानासाठी ‘धर्मालय’ उभं राहिलं. आपल्याकडच्या वाचकाची छाती अभिमानाने फुगेल आणि फुगावी. पण चार परंपरांना एक संचालक म्हटल्यावर मला पुन्हा तीच खोली दिसते. ज्या घरी पूजा आजी करते आणि पुरोहित वर्षातून दोनदा येतो तिथून आलेल्या मुलीला ‘चॅप्लिन’ म्हणजे नक्की कोण वाटत असेल? शीख पंथात तर दीक्षित पुरोहितवर्गच नाही. गुरू ग्रंथसाहिबचं वाचन कुणीही जाणता शीख करू शकतो. ही माणसं भांडत नाहीत म्हणून खोली त्यांच्या मापाची आहे, असं धरून चालू नये. २००६ पर्यंत प्रॉटेस्टंटांची खोलीही बाहेरून ठीकच दिसत होती.

हे प्रकरण मी दुसऱ्यांपुढे ठेवतो तेव्हा शेवटी एकच काम सांगतो: ते पत्र पुन्हा लिहा. चॅप्लिनच्या खुर्चीत बसून, तिच्या सगळ्या रास्त काळज्या तशाच ठेवून. माझा मसुदा असा आहे, तारीख मार्चची:

‘प्रिय मित्रांनो, तुमच्यातल्या काहींच्या कामाबद्दल मला काळजी आहे आणि ती मी तुम्हाला समोरासमोर सांगणार आहे. एप्रिलमध्ये तीन बैठका ठेवल्या आहेत. प्रत्येक गटाने एक कार्यकर्ता आणि दोन विद्यार्थी पाठवावेत. विद्यार्थी आले नाहीत तर बैठक होणार नाही. तुमच्या कामावर विद्यापीठाचं नाव कुठे असावं, कुठे नसावं, आणि कुणाची तक्रार आली तर उत्तर कोण देणार, हे आपण लिहून काढू. जमलं नाही तर वर्षभर नाव न वापरता काम चालू ठेवा, खोल्या मी मिळवून देते. रविवारच्या उपासनेला मला तुमची मुलं हवी आहेत. ती का येत नाहीत हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे, थोडं झोंबलं तरी चालेल. ऑगस्टमध्ये सामान चढवायला तुमची किती माणसं येणार ते जूनअखेर कळवा. गेल्या वर्षी बिल्ले कमी पडले होते.’